‘सगळं मनाचं आहे’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

इंदूरच्या आपल्या मराठी घरांत एक वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. “रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग काही झालेलं नाही.” पूर्वी आत्याबाईंना ‘कायमची दुखणाईत’ म्हणून माजघरात बसवायचे, आता सुनेला ‘नाटकं करते’ म्हणतात. आज स्पष्टच लिहितो, राग आला तरी चालेल.

मी बत्तीस वर्षं बँकेत काढली. एखाद्या रकमेचं खातं सापडलं नाही, तर ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकायचो. रक्कम आलीच नाही असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. मग एक्स-रेत कारण सापडलं नाही म्हणून दुखणं खोटं कसं?

डॉक्टर याला सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली हे निदान आपल्या यादीत घेतलं. शारीरिक कारण सापडताच कामा नये, अशी अट त्यात नाही. दुखणं खरंच असतं. त्याची धास्ती, तेच ते विचार आणि दवाखान्याच्या चकरा यांनी माणसाचं आयुष्य व्यापून जातं.

आता आपली तऱ्हा बघा. आमच्या थोरल्या वहिनींची पाठ आठ वर्षं दुखतेय. शेजारणीकडून मागून डायक्लोफिनॅक खायच्या, तेव्हा कुणी हटकलं नाही. त्या गोळ्यांनी पोटात व्रण होतो, मूत्रपिंडं बिघडतात, त्याची भीती नाही! पण मानसोपचारतज्ज्ञांनी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम लिहून दिली, तर सगळं घर गोळा झालं. “वेड्यांची गोळी! सवय लागेल!”

अहो, हीच गोळी कमी मात्रेत मायग्रेनला आणि नसांच्या दुखण्याला देतात. ड्युलोक्सेटिनही नसांच्या दुखण्याला देतात. मेंदू आणि मज्जारज्जूत वेदना आवरणारी जी यंत्रणा असते, तिला ही औषधं बळ देतात. अल्प्राझोलामसारखी चटक ती लावत नाहीत. मात्र मनानेच एकदम बंद करायची नाहीत. तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होतं, गुंगी येते. काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत “काही उपयोग नाही” म्हणून गोळी फेकू नये.

गोळी म्हणजे जादू, असं माझं म्हणणं नाही. या आजारात औषधाचा पुरावा फार भक्कम नाही, सगळ्यांना गुण येतोच असं नाही. जोडीला समुपदेशन, रोजचं चालणं आणि दहा ठिकाणी न फिरता एकच विश्वासाचा डॉक्टर हवा. वहिनींची पाठ अजून दुखते, पण झोप लागते, आणि त्या संध्याकाळी भाजी आणायला स्वतः जातात. माझ्या हिशेबी ही जमेची बाजू आहे.

तेव्हा हळदीकुंकवात, कट्ट्यावर कुणाच्या दुखण्यावर निकाल देणं बंद करा. पेनकिलर प्रसादासारखी वाटू नका. आणि कुणी मानसोपचारतज्ज्ञाकडे निघालं, तर त्याला अडवू नका, रिक्षात बसवून द्या.