इकडे बघ!

फोटो काढताना मुलांना ‘हलू नकोस’ म्हणून दटावण्याची वहिवाट जुनी आहे. पूर्वी तिला कारण होते. कॅमेऱ्यातल्या काचेवर चेहरा उमटायला काही सेकंद लागत. तेवढ्यात मूल हलले, की चेहऱ्याच्या जागी नुसता ढग येई. आता खिशातला मोबाइल डोळ्याचे पाते लवायच्या आत फोटो काढतो. तरी आपले चालूच असते, ‘हलू नकोस, इकडे बघ, हास!’

यंदाच्या गोकुळाष्टमीला गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत शेजारच्या चार वर्षांच्या चिरंजीवांना कृष्ण केले होते. मोरपीस, बासरी, पीतांबर, सारे यथासांग. आईने पंचवीसएक फोटो काढले. बहुतेकांत कृष्णमहाराज जिन्यावरची मुंग्यांची रांग पाहण्यात गुंग होते. एकात मात्र ते कॅमेऱ्याकडे बघून दात दाखवीत होते. माउलीने तो एक ठेवला आणि बाकीचे पुसून टाकले.

मला दादासाहेब फाळके आठवले. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले हे गृहस्थ सिनेमात पडण्यापूर्वी फोटोग्राफीच करीत. नाशिकच्या त्यांच्या कंपनीने १९१९ साली ‘कालिया मर्दन’ हा मूकपट काढला. त्यात कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. पण चित्रपटाच्या आरंभी ती कृष्ण नसते. पडद्यावर नुसता एका लहान मुलीचा चेहरा दिसतो, त्यावर एकामागून एक भाव उमटतात आणि मग पाहता पाहता त्या मुलीचा कृष्ण होतो. फाळक्यांना लेकीचा अभिनय दाखवायचा असेल. मला मात्र त्यात बापाचा प्रामाणिकपणाही दिसतो. ही माझी मुलगी, आणि हा आम्ही तिला चढवलेला वेष. त्यांनी दोन्ही राखले.

आपण वेषच तेवढा राखतो. आपल्या आल्बमातली मुले आपल्याकडे बघत असतात, आपण सांगितले म्हणून हसत असतात. मुंग्या पाहणारा तो पोरगा त्या वेळी आपल्या जगात नव्हताच. त्याच्या जगात आपल्याला प्रवेश नाही. दारातून डोकावता येते, इतकेच. आणि ते दारही फार वर्षे उघडे राहत नाही.

या दिवाळीत मुले किल्ला करायला बसतील. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले असतील, पाठ आपल्याकडे असेल. तेव्हा हाक न मारता एक फोटो काढा. चेहरा आला नाही, तरी तो पुसू नका.