सासवड हे उपनगर नव्हे



सासवडला पुण्याचे उपनगर समजून तेथील गावठाणातील, म्हणजे मूळ जुन्या वस्तीतील, रस्ते रुंद करावेत, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत अर्धवट माहितीवर आधारलेले आहे. दिवे घाटातून रोज नोकरीसाठी पुण्याकडे उतरणारे आणि स्वस्त घरासाठी घाट चढून येणारे, असे दोन्ही लोंढे वाढले आहेत, हे खरेच. परंतु बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचा १७२० मध्ये जेथे मृत्यू झाला, ते हे गाव पुण्याच्या पसाऱ्यातून जन्मलेले नाही, उलट पहिल्या बाजीरावांनी आपला मुक्काम येथूनच पुण्याला हलवला. ज्ञानेश्वरांची पालखी आषाढी वारीत सोपानदेवांच्या या समाधिस्थानी विसावते, तेव्हा ओसऱ्या, म्हणजे घरांच्या दर्शनी भागातील उघड्या बैठका, वारकऱ्यांच्या पिशव्यांनी आणि वाळत घातलेल्या धोतरांनी भरून जातात; रस्तारुंदीत पहिला बळी नेमका या ओसरीचाच जातो. जड वाहतूक गावाबाहेरून वळवण्याचा पर्याय पत्रलेखकाला सुचलेला नाही, आणि पुरंदरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्याविषयी लिहिताना पाण्याचा उल्लेखही त्यांनी केलेला नाही, हे तर नवलच.

– एक वाचक, सासवड