विश्लेषण : ‘अलाऊ’ म्हणजे नेमके काय?

पाथरी तालुक्यातल्या एखाद्या गावात बी.ए.ला असलेला मुलगा म्हणजे घरातला बिनपगारी ऑपरेटर. वडिलांच्या पीएम किसानची केवायसी, पीकविमा, बहिणीचा महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळे त्याच्याच मोबाइलवरून होते. त्यामुळे त्या मोबाइलमध्ये व्हायरस शिरला तर सोयाबीनचे पैसे जमा होणारे खातेही रिकामे होऊ शकते.

पत्रिका मराठीत, इशारा इंग्रजीत

लग्नपत्रिका, वाहतुकीचे ई-चलन, पीएम किसानची यादी अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके फाइल फिरतात. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नसून ॲप असते. तांत्रिक भाषेत हा ‘ट्रोजन’, म्हणजे सोंग घेऊन येणारा प्रोग्राम. लोक त्यालाही व्हायरसच म्हणतात. त्याला एसएमएस वाचण्याची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी चोराच्या हाती. काही ॲप तीच फाइल संपर्क यादीतल्या इतरांना धाडतात, म्हणून पत्रिका अनेकदा सख्ख्या मामाच्या नंबरवरून येते.

मोबाइल गप्प बसलेला नसतो. ‘हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आले आहे, त्याला तुमचे एसएमएस हवे आहेत,’ असे तो सांगतो, पण बहुतेकांच्या मोबाइलवर इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या अनेक विद्यार्थ्यांना त्यातले शब्द ओळखीचे असतात, वाक्य मात्र पोहोचत नाही. ‘अलाऊ’, ‘ओके’, ‘नेक्स्ट’ ही पुढे जायची बटणे, एवढाच अर्थ उरतो. मोबाइलची भाषा मराठी करता येते, पण तिथले मराठी इतके पुस्तकी की अनेक जण परत इंग्रजीवर येतात.

मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ विषाणूने जगभरातले संगणक आडवे केले, तेही प्रेमपत्राच्या सोंगाने. फाइलच्या नावाचा खरा शेवट विंडोजमध्ये दिसत नव्हता आणि लोकांनी ती उघडली. २०१७ च्या ‘वॉनाक्राय’ने खंडणीची चिठ्ठी २८ भाषांत दाखवली, त्यात भारतीय भाषा एकही नव्हती. आता आमिष थेट मराठीत येते. ‘अशुद्ध भाषा दिसली की सावध व्हा’ हा जुना सल्लाही कुचकामी झाला आहे, कारण कृत्रिम बुद्धिमत्ता शुद्ध मराठी लिहून देते. अनेक खऱ्या सरकारी सूचनांपेक्षा शुद्ध!

मग शिकवायचे कुठे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर स्तरासाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. पण हा विषय फक्त संगणकाच्या प्रयोगशाळेत ठेवला तर व्याख्या पाठ होतील आणि बोट ‘अलाऊ’वरच पडेल. याची खरी जागा भाषेच्या तासाला आहे. पाथरीची महाविद्यालये नांदेडच्या ज्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात, त्याने इंग्रजीच्या पेपरात परवानगीचा असा एक पडदा उतारा म्हणून द्यावा. प्रश्न दोनच : हे ॲप काय मागते आहे? आणि पत्रिका दाखवायला त्याला एसएमएस कशाला हवेत? दुसऱ्या प्रश्नाला इंग्रजीही लागत नाही, पण तो पडण्यासाठी आधी वाक्य वाचावे लागते.

व्यावहारिक मराठीच्या तासाला तक्रारअर्ज शिकवायचाच असतो. तिथे रजेच्या अर्जाऐवजी सायबर तक्रार लिहून घेता येईल. नुसते ‘पैसे गेले’ सांगून काम भागत नाही. रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक, बँक आणि कोणती फाइल उघडली, हे क्रमाने सांगावे लागते. अशी फाइल उघडली गेलीच तर मोबाइलचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवायला सांगावे आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करावा. वडील रागावतील म्हणून मुले दोन दिवस गप्प बसतात. तोवर रक्कम चार खात्यांतून पुढे गेलेली असते.