वीरगळांना रंग नको, छप्पर हवे



वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, ॲसिडने धुऊन, रंगवून सिमेंटच्या ओट्यात बसवावेत, ही गेल्या अंकातील लेखातली सूचना घातक आहे. ऑइलपेंटखाली ओल कोंडते, सिमेंटमधले क्षार दगडात शिरतात, पापुद्रे सुटतात. मऊ ब्रश, साधे पाणी आणि डोक्यावर छप्पर पुरे.

लेखक वीरगळांना ‘थडगी’ म्हणतात, तेही चूक. या स्मृतिशिळा आहेत आणि त्या खालून वर वाचायच्या: झुंज, अप्सरांसह स्वर्गारोहण, शिवपूजा, माथ्यावर कलश. बोरिवलीच्या एक्सर येथील वीरगळांवर तर वल्ह्यांच्या युद्धनौका कोरल्या आहेत! मध्ययुगीन कोकणातल्या सागरी लढाईचा असा पुरावा दुर्मीळ. तो आणखी झिजण्याआधी तिरप्या उजेडात त्याची छायाचित्रे घ्यायला हवीत.

वीरगळांना शेंदूर लावणाऱ्या गावकऱ्यांना अडाणी म्हणू नका. त्यांच्याच श्रद्धेने हे दगड जागेवर राहिले.

– एक वाचक, बोरिवली