कडेमचे पाणी

नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या महामार्गावर आदिलाबाद मागे पडावे आणि निर्मल अजून दूर असावे, अशा जागी नेरडीगोंडा हे गाव लागते. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी लग्नकार्याच्या निमित्ताने हा रस्ता तुडविला असेल, चहापुरते ते येथे उतरलेही असतील. येथून दहाबारा किलोमीटर आत कुंतला धबधबा आहे. कडेम नदी तेथे सुमारे 147 फूट खाली कोसळते. शकुंतलेवरून हे नाव पडले अशी लोकांची समजूत. जवळच सोमेश्वराचे स्थान असून महाशिवरात्रीला तेथे भाविकांची रीघ लागते. मंडळी धबधबा पाहतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. आम्हीही एकेकाळी तसेच परतलो. हे पाणी पुढे कोठे जाते, हा प्रश्न तेव्हा मनाला शिवला नाही.

ते जाते खाली कडेमच्या धरणात, जे आता निर्मल जिल्ह्यात मोडते. हे धरण 1958 च्या पुरात फुटले, आणि अधिक पाणी सोडण्याची सोय करून ते पुन्हा उभे करण्यात आले. त्याच्या कालव्याखाली सुमारे 68 हजार एकर जमीन भिजावी अशी योजना आहे. जुलै 2022 मध्ये मात्र दारांतून सोडता येईल त्याहून बरेच अधिक पाणी आत आले, धरणावरून वाहू लागले आणि खालच्या गावांतील लोकांना घरेदारे सोडून बाहेर पडावे लागले. डोंगरावरचे रान दाट असले म्हणजे पाऊस मातीत मुरतो आणि नदीला सावकाश येऊन मिळतो. रान विरळ झाले की पाणी एकदम धावते आणि बरोबर गाळ घेऊन येते. तेव्हा खालच्या भातशेतीचे भवितव्य वरच्या रानावर अवलंबून आहे, आणि ते रान ज्यांच्या अंगणात आहे त्या गोंड, कोलाम, परधान मंडळींवरही. पाण्याचा हिशोब मांडताना मात्र त्यांची आठवण सर्वांत शेवटी होते.

कुंतलावर छोटा जलविद्युत प्रकल्प बांधावा असा प्रस्ताव मागे पुढे आला, तेव्हा आसपासच्या आदिवासींनी त्याला कसून विरोध केला. नेरडीगोंडा मंडलातच कुप्टी येथे कडेमवर धरण बांधण्याची योजनाही वर्षानुवर्षे चर्चेत आहे. धरण नकोच, असे आमचे म्हणणे नाही. खालच्या शेतकऱ्याची तहानही खोटी नव्हे. पण वरच्या माणसाला केव्हा विचारायचे? नकाशा काढण्यापूर्वी, की मोबदल्याचा कागद पुढे करताना?

या जिल्ह्याला न विचारता निर्णय घेण्याची किंमत ठाऊक आहे. जंगलखात्याच्या आणि महसुलाच्या जाचाविरुद्ध उठलेले कोमरम भीम 1940 मध्ये जोडेघाट येथे मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना चौकशीस पाठविले, आणि त्यांच्या शिफारशींमुळे हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. पुढे सडका झाल्या, कापसाला भाव आला आणि यांतल्या कितीतरी जमिनी पुन्हा बाहेरून आलेल्यांच्या हाती गेल्या. या बाहेरून आलेल्यांत मराठी शेतकरी आणि सावकारही होते. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, पण आपल्या घरच्या मासिकात न लिहावे तर कोठे लिहावे? अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगरआदिवासीच्या नावे करण्यास 1970 च्या कायदेदुरुस्तीने बंदी केली. तोवर बरेच होऊन गेले होते.

फार दूर जावयास नको. प्राणहितेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव आहे. वनहक्क कायद्यान्वये 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आपला बांबू आपण विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात यावयास 2011 चा एप्रिल उजाडला. त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना स्वतः गावात यावे लागले, यावरूनच जंगलखात्याची मूठ किती घट्ट होती ते कळावे. या गावात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांचे एकमत होईपर्यंत ग्रामसभा थांबते. आपल्यासारख्या घाईच्या माणसांना हे वेळकाढूपणाचे वाटेल. परंतु तोडायचे किती आणि राखायचे किती हे ज्याने स्वतः मान्य केले, त्याच्यावर पहारा बसवावा लागत नाही.

तोच कायदा आदिलाबादलाही लागू आहे. अनुसूचित क्षेत्रात प्रकल्पासाठी जमीन घेण्यापूर्वी लोकांचा सल्ला घ्यावा, असे 1996 चा पेसा कायदाही सांगतो. कुप्टीचा आराखडा पुन्हा टेबलावर येईल तेव्हा कोणाची शेते बुडणार, मोहाची किती झाडे जाणार, उन्हाळ्यात कुंतलाकडे पाणी सोडणार की नाही, आणि वरच्या वाड्यांना त्यातले किती मिळणार, हे आधी त्या वाड्यांत बसून ठरावे. तेथे बसायला दुभाषी लागेल असेही नाही. गोंडांची गाथा गाणारे परधान घरी मराठीच बोलतात.

गेल्या खेपेस अशाच एका वृद्ध परधानाशी आमचे बोलणे झाले. आम्ही धबधब्याची वाखाणणी करीत होतो. ते म्हणाले, “दादा, पावसाळ्यात त्याचा आवाज आमच्या अंगणात ऐकू येतो.” मग थोडे थांबून त्यांनी सांगितले की, उन्हाळ्यात वाडीची विहीर आटते तेव्हा पिण्याचे पाणी बैलगाडीने आणावे लागते.