केशांचा स्वभावधर्म

केसांची निगा हा विषय विचारी माणसांच्या मासिकांत शोभणारा नव्हे, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. तेलपाणी आणि वेणीफणी हीं माजघरांतलीं कामें. त्यांवर लेख तो काय लिहावयाचा, असें म्हणणारे गृहस्थ आमच्या वाचकांतहि असतील. त्यांस आमची एवढीच विनंती कीं, त्यांनीं हा लेख शेवटपर्यंत वाचावा. मस्तकावर उगवणाऱ्या केसांमुळें ज्यांची नोकरी गेली, ज्यांच्या मुलांस शाळेंत बोल लागले, आणि ज्यांच्यासाठीं अखेर कायदेमंडळांस कायदे करावे लागले, असा एक मोठा समाज जगांत आहे. तो म्हणजे आफ्रिकेंतील व अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांचा.

इतक्या दूरच्या लोकांच्या केसांचा विचार आपण कां करावा, असें कोणी विचारील. त्यास दोन उत्तरें आहेत. आज पुष्कळ मराठी घरांतील मुलेंमुली अमेरिकेंत संसार करीत आहेत. तेथें शेजारपाजार, शाळासोबत आणि क्वचित् सोयरीकहि या लोकांशीं जडते. तेव्हां त्यांच्या रीतीभाती ठाऊक असणें हें सुजाणपणाचेंच लक्षण होय. दुसरें उत्तर आपल्या एका तीर्थक्षेत्राशीं निगडित आहे. तें ओघानें पुढें येईल.

प्रथम केसांचा स्वभाव पाहूं. केस ज्या सूक्ष्म कूपांतून उगवतो तो कूप सरळ असला म्हणजे केस सरळ येतो. कूप वांकडा असला म्हणजे केस वळणें घेत वाढतो. कृष्णवर्णीयांचे केस पुष्कळदां घड्याळाच्या कमानीसारखीं घट्ट वेटोळीं घेत वाढतात. असा केस आडवा छेदून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरला तर तो वाटोळा न दिसतां चपटा, लंबवर्तुळाकार दिसतो. डोक्याच्या त्वचेंतून जो स्निग्ध पदार्थ पाझरतो तो सरळ केसावरून टोंकापर्यंत सहज उतरतो. वेटोळ्यांवरून त्यास उतरतां येत नाहीं. त्यामुळें मुळाशीं चिकटपणा असूनहि टोंकें कोरडीं राहतात. शिवाय प्रत्येक वळणाच्या ठिकाणीं केस अशक्त असल्यामुळें तो तेथें तुटतो. ज्या केसांस लोक आजवर राठ म्हणून नांवें ठेवीत आले, ते वस्तुतः सर्वांत नाजूक केस होत.

एकदां हा स्वभाव ध्यानांत आला म्हणजे निगेचे नियम आपोआप सुचतात. आपल्याकडे सरळ केसांची बाई एक दिवसाआड न्हाली तरी बिघडत नाहीं. परंतु या केसांस तें सोसत नाहीं. आठवड्यांतून एकदां किंवा पंधरवड्यांतून एकदां धुणें पुरे, असें त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. धुतांना साबणाचा भर डोक्याच्या त्वचेवर असावा, केसांच्या लांबीवर नसावा. आणि प्रत्येक वेळीं धुतल्यानंतर केस मऊ करणारें कंडिशनर टोंकांना विशेषेंकरून लावावें. गुंता सोडविणें तें केस ओले व निसरडे असतांनाच, बोटांनीं किंवा विरळ दातांच्या फणीनें, आणि टोंकांकडून आरंभ करून हळूहळू मुळाकडे जावें. कोरड्या केसांत वरून खालीं फणी ओढणें म्हणजे केस विंचरणें नव्हे, मोडणें होय.

तेलाविषयीं आपल्याकडील गृहिणींस एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. तेल भरपूर चोपडलें म्हणजे केस ओलावतात, असा आपला समज असतो. वास्तविक केसांस ओलावा देतें तें पाणी. तेल हें त्या ओलाव्यावरचें झांकण. म्हणून अगोदर पाणी, मग कंडिशनर, आणि शेवटीं थोडें तेल, हा क्रम या केसांस मानवतो. ज्यांस कोंड्याचा त्रास आहे त्यांनीं डोक्याच्या त्वचेवर तेलाचे थर चढवूं नयेत. त्यानें कोंडा वाढण्याचाच संभव. रात्रीं सुती अभ्रा केसांतील ओलावा शोषून घेतो व घर्षणानें केस तोडतो. यास्तव त्या घरांतून रेशमासारख्या गुळगुळीत कापडाची टोपी घालून निजण्याचा प्रघात आहे. धाकट्या मुलीच्या डोक्यावर तशी टोपी पाहून कोणास हंसूं येईल. पण ती थट्टेची वस्तु नसून अनुभवानें आलेलें शहाणपण आहे.

नियम इतके सरळ असतां या लोकांनीं आपले केस भाजून, जाळून सरळ कां केले, असा प्रश्न येथें कोणीहि विचारील. त्याचें उत्तर केसांत नाहीं, इतिहासांत आहे. गुलाम करून आणलेल्या माणसांस आपली भाषा, आपले ग्राम व आपली नांवें यांबरोबरच आपल्या वेणीफणीची साधनें व त्यासाठीं लागणारी फुरसतहि सोडावी लागली. इ. स. १७८६ मध्यें लुइझियाना प्रांत स्पेनच्या ताब्यांत असतां तेथील गव्हर्नर मिरो यानें कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय स्त्रियांनीं डोकें फडक्यानें बांधूनच बाहेर पडावें असा हुकूम काढला. त्या मानी स्त्रियांनीं तीं फडकींच अशीं रंगीबेरंगी व डौलदार बांधिलीं कीं, शिक्षेचा अलंकार झाला. गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें संपली. पण सरळ केस ते ‘चांगले’ आणि कुरळे ते ‘वाईट’, ही भावना मात्र संपली नाहीं. ती आईच्या तोंडून मुलीस, व मुलीच्या तोंडून नातीस मिळत गेली.

याच काळांत एक तेजस्वी चरित्र उदयास आलें. सारा ब्रीडलव्ह ही १८६७ सालीं लुइझियानांत जन्मली. तिचे आईबाप गुलाम होते. सातव्या वर्षीं ती पोरकी झाली, चौदाव्या वर्षीं तिचें लग्न झालें, आणि विसाव्या वर्षीं पदरीं एक मुलगी घेऊन ती विधवा झाली. सेंट लुइस शहरीं लोकांचे कपडे धुऊन तिनें दिवस काढिले. पुढें तिचे केस झडूं लागले. त्या वेळीं ॲनी टर्नबो या कृष्णवर्णीय बाईनें केसांच्या औषधांचा धंदा काढिला होता. तीं औषधें विकण्याचें काम साराबाईनें पत्करलें. १९०५ सालीं ती डेन्व्हरला गेली, दुसऱ्या वर्षीं चार्ल्स जोसेफ वॉकर याच्याशीं तिचा विवाह झाला, आणि ‘मॅडम सी. जे. वॉकर’ या नांवानें तिनें आपलें स्वतःचें गंधकयुक्त मलम बाजारांत आणिलें. १९१० सालीं इंडियानापोलिस येथें तिनें कारखाना काढिला, व मोलकरीण किंवा धोबीण होण्यावांचून ज्यांस गत्यंतर नव्हतें अशा हजारों स्त्रियांस हा धंदा शिकविला. तापविलेल्या फणीनें केस सरळ करण्याच्या रीतीशीं लोक तिचें नांव जोडतात. परंतु ती फणी तिनें शोधिलेली नव्हे. डोक्याची त्वचा स्वच्छ व निरोगी राखणें यावर तिचा भर होता. १९१९ सालीं ती वारली, तेव्हां स्वकष्टानें संपन्न झालेल्या अमेरिकन स्त्रियांत तिची गणना होत होती.

त्यानंतर आलीं तीं रासायनिक औषधें. गॅरेट मॉर्गन या कृष्णवर्णीय संशोधकानें १९१३ च्या सुमारास केस सरळ करणारें मलम विकण्यास आरंभ केला. पुढें ज्यास ‘रिलॅक्सर’ म्हणतात तें औषध घरोघर पोहोंचलें. यांत बहुधा सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे ज्यास आपण कॉस्टिक सोडा म्हणतों तो दाहक क्षार असतो. केसांतील प्रथिनाचे तंतु गंधकाच्या ज्या बंधांनीं एकमेकांस जखडलेले असतात ते बंध हा क्षार तोडतो, आणि केस कायमचा सरळ होतो. पण केसाचें बळहि त्या बंधांतच असतें. त्यामुळें सरळपणा मिळतो तो बळ देऊन. औषध क्षणभर अधिक राहिलें तर त्वचा भाजते. ‘क्षारविरहित’ म्हणून जो प्रकार विकतात त्यांतहि दुसरा तीव्र क्षार असतोच. तो त्वचेस थोडा सौम्य, पण केस अधिक कोरडे करणारा.

ज्या स्त्रियांस हें औषध सोडावयाचें नाहीं, त्यांची हेटाळणी करण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. मात्र त्यांनीं तें जाणत्या हातूनच लावून घ्यावें, आठ ते दहा आठवड्यांच्या आंत पुन्हां लावूं नये, आणि लावणें तें नवीन उगवलेल्या भागासच लावावें. पूर्वींच सरळ झालेल्या केसांवर त्याचा दुसरा हात फिरवूं नये. त्वचेवर ओरखडा किंवा पुरळ असेल तर तो दिवस टाळावा. आणखी एक गंभीर गोष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें ३३,४९७ स्त्रियांची सुमारें ११ वर्षें पाहणी करून २०२२ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. केस सरळ करण्याचीं औषधें कधींच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचें प्रमाण शेंकडा १.६४, तर वारंवार वापरणाऱ्यांत शेंकडा ४.०५ असें अनुमान त्यांत निघालें. एवढ्यावरून औषध हेंच रोगाचें कारण असें सिद्ध होत नाहीं, आणि धोका थोड्यांसच आहे हेंहि खरें. तथापि त्या पाहणींत हीं औषधें वापरणाऱ्यांपैकीं सुमारें शेंकडा ६० कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या, हें ध्यानांत घेतलें म्हणजे दुसऱ्याच्या नजरेस बरें दिसण्याची किंमत कोणीं भरली, हें सांगावयास नको.

तिसरा मार्ग गंगावनाचा. आपल्याकडील गंगावन वेणींत गुंफितात. तिकडील स्त्रिया आपल्या केसांच्या बारीक वेण्या डोक्यास लगत घालून त्यांवर दुसऱ्या केसांच्या पट्ट्या सुईदोऱ्यानें शिवून घेतात. आम्हीं मघां ज्या तीर्थक्षेत्राचा उल्लेख केला तें येथें येतें. हे केस पुष्कळदां हिंदुस्थानांतून गेलेले असतात, आणि त्यांचा एक मोठा उगम म्हणजे तिरुपति. महाराष्ट्रांतूनहि हजारों कुटुंबें बालाजीस नवस फेडावयास जातात व तेथें केस अर्पण करितात. देवस्थान ते केस लांबीप्रमाणें निवडून लिलावानें विकतें, आणि व्यापाऱ्यांच्या हातून ते समुद्रापार जातात. कोणा मराठी मातेनें लेंकराच्या दुखण्यांत बोललेल्या नवसाचा केश अटलांटा किंवा शिकागो येथील एखाद्या स्त्रीच्या मस्तकावर मिरवत असेल. देणारी व घेणारी एकमेकींस ओळखीत नाहींत, इतकेंच.

गंगावनाविषयीं सांगावयाचें तें हें कीं, वेणी दुखली म्हणजे ती घट्ट झाली असें समजावें. ‘थोडें सोसलें पाहिजे’ हा उपदेश येथें घातक आहे. सतत ओढ बसल्यानें कानशिलांजवळचे व कपाळावरचे केस विरळ होऊं लागतात, मुळांशीं पुळ्या येतात; त्या वेळीं वेणी सोडली तर केस परत येतात, परंतु ओढ वर्षानुवर्षें चालली तर केसांचे कूपच मरतात व मग उपाय चालत नाहीं. म्हणून गंगावन दोनतीन महिन्यांहून अधिक ठेवूं नये, तें असतांनाहि डोक्याची त्वचा धूत जावी, आणि एकदां काढल्यावर केसांस कांहीं दिवस विसांवा द्यावा.

अलीकडे पुष्कळ स्त्रिया केस जसे उगवतात तसेच राखूं लागल्या आहेत. पण त्यासहि झगडावें लागलें. २०१६ सालीं दक्षिण आफ्रिकेंत प्रिटोरिया येथील मुलींच्या सरकारी हायस्कुलांत, आपले नैसर्गिक केस अव्यवस्थित ठरविले जातात म्हणून विद्यार्थिनी एकजुटीनें उभ्या राहिल्या, आणि केसांविषयींचा नियम स्थगित करणें अधिकाऱ्यांस भाग पडलें. अमेरिकेंत ३ जुलै २०१९ रोजीं कॅलिफोर्निया संस्थानानें प्रथम असा कायदा केला कीं, केसांच्या जातीवरून वा वेण्यांवरून शाळेंत किंवा नोकरींत कोणासहि दूर करतां येणार नाहीं. या कायद्यास ‘क्राऊन’ म्हणजे मुकुट असें नांव आहे. त्यानंतर इतर अनेक संस्थानांनीं तो उचलला. सबंध राष्ट्रासाठीं तसाच कायदा २०२२ सालीं प्रतिनिधिगृहानें संमत केला; परंतु त्या वेळीं सिनेटमध्यें तो अडला.

हें वाचून त्या देशांस हंसण्याचा अधिकार आपणांस आहे काय? विधवेच्या मस्तकावरील केस अमंगळ ठरवून तिला न्हाव्यापुढें बसविणारीं घरें आपलींच होतीं. आगरकरांनीं त्या चालीवर किती कडक लिहिलें, आणि तरीहि ती जावयास किती दिवस लागले, हें आपल्या वडीलधाऱ्यांनीं ऐकलेलें आहे. तिरुपतीस स्वेच्छेनें दिलेला केश आणि त्या अभागिनींचा सक्तीनें उतरविलेला केश यांत जें अंतर, तेंच आवडीनें केस सरळ करणारी स्त्री आणि नोकरी जाईल म्हणून ते जाळून घेणारी स्त्री यांत आहे. केस कसे राखावे हें ज्याचें त्यानें ठरवावें. ते कसे आहेत याबद्दल मात्र कोणास लाज वाटूं देऊं नये.

आपल्या घरांतहि एखादी मुलगी दाट कुरळे केस घेऊन जन्मास येते. तिच्या केसांस ‘झिपऱ्या’, ‘घरटें’ असें म्हणण्याची संवय पुष्कळ प्रेमळ माणसांसहि असते, आणि मुलगी तें विसरत नाहीं. आमच्या वाचक भगिनींस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, पुढच्या रविवारीं त्या मुलीस जवळ घेऊन बसावें, केस अगोदर ओले करावे, विरळ दातांची फणी घ्यावी, आणि टोंकांकडून आरंभ करावा. वेळ लागेल, तेवढा वेळ तिच्याशीं बोलत बसावें.