अपुरं राहिलेलं विमान

परवा नातू सुट्टीला इंदापूरला आला होता. संध्याकाळी अंगणात बसलो असताना बारामतीकडून एक शिकाऊ विमान घरघरत डोक्यावरून गेलं. आमच्या भागाला आता त्याचं अप्रूप नाही. पण त्यावरून आठवण होऊन त्याने मला संगणकावर एक चित्र दाखवलं. सहा इंजिनांचं अवाढव्य जर्मन बॉम्बफेकी विमान, टीए ४००.

"आजोबा, हे युरोपातून उडून अमेरिकेवर बॉम्ब टाकून परत येणार होतं. पूर्ण झालं असतं तर काय मजा आली असती!"

'मजा' हा शब्द मला खटकला.

फोकेवुल्फ कंपनीच्या कुर्ट टँक यांचा हा आराखडा. १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, पॅरिसजवळ, तिथल्याच तंत्रज्ञांना जुंपून त्यावर काम चाललं होतं. पण तोवर युद्धाचं पारडं फिरलं. प्रकरण कागदावरच्या रेघा आणि चाचणीच्या छोट्या नमुन्यापुढे गेलंच नाही. हाती घेतलेलं काम अर्धवट टाकू नये, असं मी पस्तीस वर्षं वर्गात सांगत आलो. हे काम मात्र अर्धवट राहिलं ते फार बरं झालं. ते ज्या शहरांवर जाणार होतं, तिथेही शाळा होत्याच की!

गंमत म्हणजे याच टँकसाहेबांचं पुढे आपल्याशी नातं जुळलं. १९५६ मध्ये ते बंगळूरला आले आणि आपल्या अभियंत्यांना बरोबर घेऊन त्यांनी 'मारुत' हे लढाऊ विमान घडवलं. १७ जून १९६१ रोजी ते पहिल्यांदा उडालं. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर लढलं. पुण्यात कमला नेहरू पार्कात ठेवलेलं एक मारुत मी पाहिलं आहे. मुलं त्याच्याकडे पाठ करून भेळ खात होती.

पण मारुतही एका अर्थी अपुरंच राहिलं. ते ज्या ताकदवान ब्रिटिश इंजिनासाठी आखलं होतं, त्याच्या विकासाचा खर्च आपण उचलला नाही. कमी ताकदीच्या इंजिनावर भागवलं. मग आवाजाच्या वेगाच्या दुप्पट जायचं स्वप्न तिथेच राहिलं. सगळी मिळून १४७ विमानं झाली आणि १९९० पर्यंत निवृत्तही झाली. आज आपल्या तेजसलाही इंजिन अमेरिकेचंच लागतं.

माणूस तोच, बुद्धीही तीच. एक विमान अपुरं राहिलं, त्यात जगाचं भलं झालं. दुसरं राहिलं, त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. म्हणून माझं मत असं, की मुलांना नुसती यंत्रांची भव्यता दाखवू नये. हे कशासाठी बनत होतं आणि कुठे अडलं, हे दोन प्रश्न त्यांना विचारायला शिकवावेत.

नातू थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण आजोबा, आपण त्या इंजिनाला पैसे का नाही दिले?"

असो. प्रश्न विचारला, हेच पुष्कळ झालं. पुढच्या खेपेला त्याला घेऊन पार्कात जाणार आहे. भेळ नंतर.